उसन्या हृदयाचे सोळा महिने

'बायपास' हा शब्द आज घरोघरी परिचयाचा झाला आहे. शस्त्रक्रिया चालू असता काही काळ हृदय थांबवितात आणि तेवढ्या वेळात त्याचे काम एक यंत्र करते, हेही बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. परंतु हे यंत्र भरवशाचे होण्यापूर्वी सोळा महिन्यांचा असा एक कालखंड होऊन गेला, की ज्यात यंत्राच्या जागी जिवंत माणूस होता. हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात या कालखंडाला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. वास्तविक तो या इतिहासाचा गाभा होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हृदयाला सुरी लावू नये, असा शल्यविशारदांचा दीर्घकाळ दंडक होता. १८९६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन यांनी भोसकलेल्या हृदयाची जखम शिवली आणि रुग्ण वाचला. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी 'निळ्या बालकां'वरील सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया सिद्ध केली. पण ती हृदयाबाहेरील रक्तवाहिन्यांची जोडणी होती. हृदय उघडून, आतले भोक डोळ्यांनी पाहून शिवणे ही गोष्ट निराळी. कारण त्यासाठी रक्तप्रवाह थांबवावा लागतो, आणि प्राणवायूवाचून मेंदू चार-पाच मिनिटांहून अधिक काळ तग धरत नाही. शरीर थंड करून ही मुदत थोडी वाढविता येते. १९५२ च्या सप्टेंबरात मिनेसोटा विद्यापीठात एफ. जॉन लुईस यांनी या उपायाने हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील भोक बुजविले. तथापि खालच्या दोन कप्प्यांमधील भोकाला ती मुदतही अपुरी पडे.

यावरचा खरा उपाय म्हणजे हृदय व फुप्फुस या दोहोंचे कार्य करणारे यंत्र. फिलाडेल्फियाचे जॉन गिबन यांनी त्यासाठी आयुष्याची सुमारे दोन दशके वेचली होती. ६ मे १९५३ रोजी त्यांच्या यंत्राच्या साहाय्याने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील भोक यशस्वीरीत्या शिवण्यात आले. मात्र पुढील रुग्ण दगावले. व्यथित होऊन गिबन यांनी आपण होऊन हे काम थांबविले. अन्य केंद्रांतील यंत्रांचाही अनुभव निराशाजनकच होता, आणि दोष यंत्राचा नसून आजारी हृदयच एवढा आघात सोसू शकत नाही, असे मत बळावत चालले होते.

अशा वेळी मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळा विचार मांडला. १९१८ साली जन्मलेले लिलेहाय स्वतः कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून नुकतेच उठले होते. मातेच्या उदरातील गर्भाचे रक्त माताच शुद्ध करते. मग शस्त्रक्रियेच्या काळापुरते बालकाचे रक्त दुसऱ्या माणसाच्या हृदय-फुप्फुसांतून का खेळवू नये? अँड्रियासन व वॉटसन या ब्रिटिश संशोधकांच्या प्रयोगांवरून असे दिसून आले होते, की नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या अल्पशा अंशावरही प्राणी थोडा काळ सुखरूप राहतो. त्यामुळे दात्याचे फारच थोडे रक्त उसने घ्यावे लागणार होते.

रचना साधी होती. शेजारी शेजारी दोन टेबले. एकावर बालक, दुसऱ्यावर रक्तगट जुळणारा दाता, बहुधा पिता किंवा माता. बालकाच्या मोठ्या शिरांतील अशुद्ध रक्त नळीवाटे दात्याच्या जांघेतील शिरेत जाई. दात्याच्या जांघेतील धमनीतून शुद्ध रक्त बालकाकडे येई. मधला पंप मूळचा दुग्धव्यवसाय व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत वापरला जाणारा होता! जाणाऱ्या व येणाऱ्या रक्ताचे प्रमाण तंतोतंत सारखे ठेवणे एवढीच त्यातील मेख. यंत्र केवळ प्राणवायू मिसळते. येथे दात्याचे यकृत व मूत्रपिंडेही बालकाच्या रक्ताचा समतोल राखीत.

आक्षेप अर्थातच आला, आणि तो बिनतोड होता. रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी धडधाकट माणसाचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार वैद्यास कोणी दिला? एका शस्त्रक्रियेत दोन मृत्यू, म्हणजे २०० टक्के मृत्युदर संभवणारी ही पहिलीच शस्त्रक्रिया, असे त्या वेळी म्हटले गेले. विभागप्रमुख ओवेन वांगेनस्टीन लिलेहाय यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणूनच परवानगी टिकली. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण बॉस्टन येथे याच वर्षाच्या डिसेंबरात झाले, हे येथे ध्यानात घ्यावे. आज रुळलेली जिवंत दात्याची कल्पना मार्चमध्ये कोणालाही सवयीची नव्हती.

२६ मार्च १९५४ रोजी सुमारे एक वर्षाच्या मुलाला त्याच्या पित्याशी जोडण्यात आले. याच विकाराने त्या घरातील एक मूल आधीच गेले होते. लिलेहाय व त्यांचे सहकारी रिचर्ड व्हार्को, मॉर्ली कोहेन व हर्बर्ट वॉर्डन यांनी हृदय उघडले, खालच्या कप्प्यांमधील भोक शिवले. जोडणी सुमारे एकोणीस मिनिटे होती. पिता सुखरूप राहिला. बालक शुद्धीवर आले. पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. शवविच्छेदनात भोक नीट बुजलेले आढळले. पहिलाच रुग्ण गमावल्यावर गिबन यांच्याप्रमाणे थांबणेही समजण्यासारखे ठरले असते. लिलेहाय थांबले नाहीत, आणि पुढील काही आठवड्यांतच मुले बरी होऊन घरी जाऊ लागली.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला निळेपणास कारण होणाऱ्या चतुर्दोषी विकाराची पहिली संपूर्ण दुरुस्ती झाली. या मुलाचा रक्तगट दुर्मीळ होता व नातलगांत जुळणारा कोणी नव्हता. रक्तदात्यांच्या यादीतून सर्वस्वी अपरिचित असा २९ वर्षांचा एक गृहस्थ पुढे आला आणि परक्या मुलासाठी टेबलावर आडवा झाला. पित्याने आपल्या पुत्रासाठी जोखीम पत्करणे आपल्याला सहज उमगते. हा प्रसंग वाचताना मात्र क्षणभर थबकावे लागते.

किंमत मोजावी लागलीच. एकूण ४५ शस्त्रक्रियांत १७ रुग्ण वाचू शकले नाहीत. दाता एकही दगावला नाही; पण एका मातेच्या रक्तात हवा शिरून तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. या पद्धतीचा गौरव करताना ही घटना अनेकदा गाळली जाते, ते योग्य नव्हे. आक्षेप घेणारे खोटे ठरले असे म्हणता येत नाही.

भोक शिवताना हृदयाच्या ठोक्यांचा संदेश वाहणारे तंतू कधी कधी दुखावत आणि हृदय मंदावे. त्यावर विजेच्या यंत्राचा उपाय निघाला; परंतु ऑक्टोबर १९५७ मध्ये मिनियापोलिसमध्ये वीज गेली, तेव्हा भिंतीतील विजेवर विसंबण्याचा धोका उघड झाला. लिलेहाय यांच्या विनंतीवरून अर्ल बॅकन यांनी अवघ्या काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर तयार करून दिला.

तोवर मानवी दात्याची गरज संपली होती. मार्च १९५५ मध्ये रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये जॉन किर्कलिन यांनी गिबन यांच्या यंत्राची सुधारित आवृत्ती वापरात आणली. मे महिन्यात लिलेहाय यांचे तरुण सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी प्राणवायूचे बुडबुडे रक्तात सोडणारे, प्लॅस्टिक नळ्यांचे स्वस्त साधन सिद्ध केले. काही काळ जगात उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया नियमितपणे होत त्या याच दोन ठिकाणी, परस्परांपासून अवघ्या दीडशे किलोमीटरांच्या आत. मिनेसोटात शिकलेल्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला तसा प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. देशात यश मिळाले ते १९९४ साली, दिल्लीत.

लिलेहाय १९९९ मध्ये निवर्तले. त्याआधी, १९८६ साली, त्यांनी व सहकाऱ्यांनी त्या ४५ बालकांचा मागोवा घेतला होता. २८ जण बरे होऊन घरी गेले होते. तीस वर्षांनंतर त्यांपैकी २२ हयात होते.