वितळतारेचे कुळ

घरात फ्यूज उडाला की आपण विजेच्या नावाने बोटे मोडतो. हाताशी बारीक तार नसली तर जाडच बांधून मोकळे होणारेही पुष्कळ! या क्षुल्लक तारेचे कुळ मात्र आम्हांस मोठे रंजक वाटते.

पॅरिसच्या नामांकित घड्याळजी घराण्यातील लुई ब्रेगे याने १८४७ साली सुचविले की, तारायंत्राच्या कचेरीत शिरणाऱ्या तारेचा एक भाग मुद्दाम बारीक ठेवावा. आकाशातील वीज तारेत उतरली तर तो वितळेल आणि आतली यंत्रे वाचतील. दुबळेपणा जाणूनबुजून ठेवावयाचा, आणि तोही संरक्षणासाठी!

पण किती बारीक? ब्रिटिश डाकखात्यातील विल्यम प्रीस याने १८८० नंतरच्या दशकात प्रयोगांनी हे ठरविले. उष्णता तारेच्या गाभ्यात उपजते, निसटते ती पृष्ठभागातून. म्हणून व्यास चौपट केला तर धातू सोळापट लागतो, पण तार वितळविणारा प्रवाह आठपटच होतो.

ब्रेगेच्या नातवाने, त्याचेही नाव लुईच, १९११ साली विमानांचा कारखाना काढला. आजोबांची तार पुढे विमानांतही आली, आणि तेथे प्रश्न अवघड झाला.

लहान विमानात ६० अँपिअरचा अल्टरनेटर आहे असे धरू. मग फ्यूजही ६०चा, असे कोणीही म्हणेल. परंतु अल्टरनेटरचा प्रवाह त्याच्या रचनेमुळेच मर्यादित राहतो. स्वतःच्या पुरेशा जाड तारेला तो सहसा जाळीत नाही. धोका पलीकडून आहे. त्यातील डायोड निकामी होऊन आडमार्ग झाला, तर बॅटरी शेकडो अँपिअर उलट ओतू लागते. म्हणून फ्यूज बॅटरीकडच्या टोकाशी हवा, आणि ६०हून थोडा मोठा. कारण थंड अल्टरनेटर उतरलेली बॅटरी भरताना आकड्यापेक्षा किंचित अधिकही देतो. नेमका ६०चा फ्यूज अशा वेळी विनाकारण उडावयाचा, आणि रात्रीच्या अंधारात वैमानिकाचा दिवा नि रेडिओ उरल्यासुरल्या बॅटरीवर यावयाचा. मात्र फ्यूज वाढविला की तारही त्याला साजेशी जाड घेतलीच पाहिजे. फ्यूज राखतो तो तारेला.

तरीही सारे संकट त्याला कळत नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. चौकशीत आढळले की, आगीचा उगम बहुधा तारेतील ठिणगीत होता, आणि त्या विमानातील ब्रेकर तसल्या ठिणग्या ओळखण्यासाठी बनविलेलेच नव्हते.