शंभर मीटरच्या आतली माणसं

मंडळी, कापूरहोळ हे पुणे-सातारा हमरस्त्यावरचं गाव. भोरला जायचं असो की नारायणपूरला, फाटा इथेच. पुण्याला जाणं-येणं तर तुमचं नेहमीचंच. म्हणून आजचं उदाहरण आम्ही पुण्यातलंच घेतलं आहे: शनिवारवाडा आणि त्याच्या भोवतीची वस्ती. भर पेठेत उंच इमारत येऊ घातली, जुन्या वास्तू धोक्यात आल्या, की लोक काय म्हणतात आणि का म्हणतात, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

वर्तमानपत्रांत हा वाद 'संस्कृती विरुद्ध विकास' असा मांडलेला असतो. आम्हाला ती मांडणी पटत नाही. इतिहास जरा उलगडून बघा, म्हणजे दर वेळी दुसराच एक प्रश्न तळाशी सापडतो: हक्क कुणाचा आणि खर्च कुणाचा?

शनिवारवाड्यापासूनच सुरुवात करू. 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी झाली, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत. खर्च 16,110 रुपये, असं सांगतात. हा वाडा पुढे सात मजल्यांचा झाला, असंही सांगतात. म्हणजे त्या काळातला टॉवरच की! त्याच्यावर आक्षेप आला नाही असं नाही. पहिला दगडी मजला उठल्यावर साताऱ्याच्या लोकांनी शाहू महाराजांकडे तक्रार केली, की दगडी बांधकामाचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे. म्हणून वरचं काम विटांचं झालं, अशी कथा आहे. कथा म्हणूनच घ्या, पण तिच्यातला मुद्दा नेमका आहे. तक्रार उंचीबद्दल नाही, हक्काबद्दल आहे.

खर्चाबद्दलची तक्रार दीडशे वर्षांनी आली, आणि ती थेट महात्मा फुल्यांची होती. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात तेव्हा भाजीबाजार भरायचा. त्याच्या जागी मंडईची भव्य इमारत बांधायचं ठरलं. फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेत सभासद होते. इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. विक्रेतेही जागा सोडायला राजी नव्हते. उघड्यावर बसणाऱ्याला गाळ्याचं भाडं कसं परवडावं? मंडई 1886 मध्ये उभी राहिलीच, गव्हर्नर रे यांच्या नावाने. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचं नाव मिळालं. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव! आज ती इमारत पाडायची म्हटली तर सगळं पुणे रस्त्यावर येईल.

आता वाड्याच्या भोवतीची गोष्ट. 1828 च्या आगीत शनिवारवाडा आतून जळून गेला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. ते राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. 1992 च्या अधिसूचनेने अशा स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं. 2010 मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती होऊन हा नियम पक्का झाला. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, फक्त डागडुजी. हेतू चांगला आहे. तटाला खेटून दहा मजली इमारत उभी राहू नये, हे आम्हालाही मान्य आहे.

पण त्या शंभर मीटरच्या आत कोण राहतं, ते बघा. कसबा पेठेच्या आणि शनिवार पेठेच्या गल्ल्यांत जुने वाडे आहेत. सागवानी खांब, वीट-चुन्याच्या भिंती, मधे चौक, वर कौलं. मालकाचे वारस वाढत वाढत पंधरा-वीस झालेले, त्यातले निम्मे परगावी. आत आठ-दहा भाडेकरू, प्रत्येकाला दीड खोली, आणि सकाळी संडासासमोर बालदी घेऊन रांग. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. नोटीस मालकाला, जीव भाडेकरूचा. घर सोडून जावं तर हक्क जाईल ही भीती, आणि राहावं तर भिंत येईल ही भीती.

डागडुजीला परवानगी आहे ना, असं कुणी विचारेल. आहे, पण करायची कुणी? इथे भाड्याचा इतिहास माहीत असायला हवा. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धानंतरची घरटंचाई होती, म्हणून तेव्हा ते योग्यच होतं. पण ते तसंच राहिलं. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, की हे गोठवलेलं भाडं आता वाजवी उरलेलं नाही. मग 1999 चा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ. मूळ भाडं वीस रुपये असेल तर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे! त्यात एक कौलसुद्धा येत नाही. मुंबई शहरात निदान उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ 1969 च्या कायद्याने झालं. पुण्याच्या वाड्याला तेही नाही.

परिणाम असा, की शंभर मीटरच्या नियमाने शनिवारवाड्याभोवतीचं आकाश राखलं, पण त्याच आकाशाखालचे खरेखुरे जुने वाडे कुजत राहिले. ते जतनही होत नाहीत आणि नव्याने बांधताही येत नाहीत. रहिवासी निवेदनं देतात, कृती समित्या काढतात. 2023 च्या कसबा पोटनिवडणुकीत जुन्या वाड्यांचा प्रश्न प्रचारात होता. यांना वारशाचे शत्रू म्हणणं हा अन्याय आहे. वाड्यांवर हळहळणारे आम्ही बरेचजण स्वतः लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, हेही इथेच सांगून टाकावं.

मुंबईत हेच वेगळ्या रूपात दिसलं. 1995 मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली करून मुंबईने देशात वाट दाखवली. 2012 मध्ये महापालिकेने यादी वाढवायचं ठरवलं, त्यात शिवाजी पार्कचा परिसर आला. ज्या मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, त्याच्या कडेचे रहिवासी खूश होतील असं वाटलं असेल. झालं उलटंच. आम्हाला विचारलंत का, आमच्या इमारती जुन्या झाल्या, पुनर्विकास अडकणार, असं म्हणत लोक विरोधात उतरले आणि राजकीय पक्षही त्यांच्या मागे गेले. ओव्हल मैदानाभोवती मात्र रहिवाशांच्या संघटनांनीच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 2018 मध्ये तिथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकाच शहरातले मध्यमवर्गीय आणि उच्च मध्यमवर्गीय लोक, पण एकीकडे यादी वरून आली आणि दुसरीकडे मागणी खालून गेली.

खर्चाचं कोडं कुठे सुटलं का? काही अंशी न्यूयॉर्कमध्ये. तिथलं पेन स्टेशन 1963 पासून पाडलं गेलं, लोक हळहळले, आणि 1965 मध्ये वास्तू जतनाचा कायदा झाला. मग ग्रँड सेंट्रल स्टेशनवर पंचावन्न मजली मनोरा बांधायचा प्रस्ताव आला. शहराने नकार दिला, मालक रेल्वे कंपनी कोर्टात गेली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. पण निकालात एक गोष्ट महत्त्वाची ठरली: डोक्यावरची न वापरलेली उंची मालकाला आसपासच्या दुसऱ्या जागेवर वापरता येत होती. आपण ज्याला टीडीआर म्हणतो ते हेच. म्हणजे 'बांधू नका' असं सांगताना 'त्याबदल्यात हे घ्या' असंही सांगितलं गेलं.

पुण्यात काय करता येईल? 2010 च्याच कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करायची तरतूद आहे. शनिवारवाड्याचं तोंड उत्तरेला, दिल्ली दरवाजाकडे. त्या बाजूची दृष्टी मोकळी राहायलाच हवी, तिथे एक इंचही देऊ नये. बाकीच्या बाजूंना तटाच्या उंचीच्या आत, मूळ चौक राखून, दोन-तीन मजले बांधू द्यायला काय हरकत आहे? भाडेकरूला त्याच जागी घर, मालकाला उरलेल्या हक्काचा टीडीआर, आणि जो वाडा खरंच राखण्याजोगा आहे त्याच्या दुरुस्तीचा पैसा सरकारी तिजोरीतून. नकाशावर वर्तुळ काढणं सोपं असतं. गल्लीत जाऊन एकेका वाड्याची मोजणी करायला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि ते काम अजून व्हायचं आहे.

भोरच्या राजवाड्याविषयी तुमच्यापैकी काहींना विचारायचं असेल, ते आता प्रश्नोत्तरांत घेऊ.