सुहूर सन आणि अक्षरांचे पत्ते

वाशीम जिल्ह्यांतील शेलूबाजार हें गांव मंगरूळपीर तालुक्यांत आहे. ‘बाजार’ आणि ‘पीर’ हे दोन्ही शब्द फारशी. पण तेथील कोणास ते परके वाटत नाहींत. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत जाईपर्यंत बहामनींपासून निजामापर्यंत अनेक राजवटी तेथें नांदल्या आणि दप्तराची भाषा लोकांच्या जिभेवर रुळली. महाराष्ट्रभर हेंच झालें. ‘कलम’, ‘दौत’, ‘हिशेब’, ‘तारीख’ हे मूळचे अरबी शब्द आपण घेतले. त्यांची लिपी मात्र घेतली नाहीं.

या अर्धवट देवघेवीचें उत्तम उदाहरण म्हणजे सुहूर सन. हिजरी वर्ष चांद्र. तें ऋतूंबरोबर चालत नाहीं, म्हणून सारावसुलीस गैरसोयीचें. यास्तव इ. स. १३४४ च्या सुमारास, मृग नक्षत्रीं आरंभ होणारा हा सौर सन निघाला. पेशवाईंतील कागदांवर तो मोडी लिपींत, पण अरबी संख्यावाचकांनीं लिहिलेला आढळतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. तें वर्ष ‘इहिदे सितैन मया अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: सुहूर ११६१. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेस यांत ६०० मिळवावे, मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, कीं इसवी सन येतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनास हे शब्द तोंडपाठ असले कीं पुरे. अरबी अक्षर ओळखण्याची गरज नसे.

याच्या उलट स्थिति मदरशांत शिकणाऱ्या मुलांची. तीं कुराणांतील अक्षरें नीट उच्चारतात, परंतु पुष्कळदां अर्थ त्यांस ठाऊक नसतो. एका घरीं शब्द आहे, लिपी नाहीं. शेजारच्या घरीं लिपी आहे, अर्थ नाहीं. हीं दोन अर्धीं ज्ञानें एका वर्गांत आणण्यास पत्त्यांचा खेळ फार सोयीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

चार पत्त्यांवर वरील चार शब्द अरबी लिपींत लिहावे आणि मुलांकडून उजवीकडून डावीकडे मांडून घ्यावे. प्रत्येकाखालीं त्याचा अंक लिहिला कीं ११६१ हा आंकडा आपोआप उभा राहतो. कारण या अरबी रचनेंत एकम आधीं येतो, जसा आपल्या ‘एकसष्ट’मध्यें. मग अक्षरांकडे वळावें. अरबीचीं अक्षरें २८; त्यांपैकीं २२ दोन्ही बाजूंस जोडलीं जातात आणि स्थानपरत्वें रूप बदलतात. ‘सबा’ (सात) व ‘सबैन’ (सत्तर) हे पत्ते शेजारीं ठेवावे. ‘ऐन’ हें अक्षर पहिल्यांत शेवटीं येतें, दुसऱ्यांत मध्यें, आणि दोहोंकडे निराळें दिसतें. मुलास नियम घोकावा लागत नाहीं. तो डोळ्यांस दिसतो. शिवाय मराठी उच्चारांत हरवलेला ‘ऐन’ येथें पुन्हां भेटतो.

जुन्या घरांतील रुमालांत असले कागद अद्याप बांधून ठेवलेले असतात. त्यांवरील सन लागला नाहीं, तर सनद कोणत्या काळची हेंच कळत नाहीं, आणि न कळणारा कागद हळूहळू रद्दींत जातो. शेलूबाजारासारख्या गांवीं हीं दोन्ही घरें हांकेच्या अंतरावर असतात. कागदावरची ती एक ओळ दोन्ही घरच्या मुलांनीं मिळून वाचली, तर कागदही वांचेल आणि शेजारही.