पेटींतील कागद आणि आपला इतिहास

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपली दृष्टि प्रथम चर्चमधील नोंदवह्यांकडे वळते, आणि तें योग्यच आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचें कर्तव्य धर्मगुरूंवर सोंपविलें. म्हणूनच आज पणजोबांच्या आईबापांचीं नांवें आपणांस मिळूं शकतात. परंतु एखादें घराणें गोवें सोडून मालवणच्या किनाऱ्यास कां आलें, प्रथम कोणाच्या आश्रयास राहिलें, पहिली होडी कोणाच्या पैशानें घेतली, हें त्या वहींत सांपडत नाहीं. सांपडलें तर तें आजोबांच्या पेटींत: मुंबईहून आगबोटीनें आलेल्या पत्रांत, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मतिथींत, किंवा हिशेबाच्या वहीच्या शेवटीं उतरलेल्या चार आठवणींत.

असले कागद क्षुल्लक समजण्याचा प्रघात आहे. अशांनीं क्रिस्तपुराणाची हकीगत ध्यानांत घ्यावी. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय इंग्रज धर्मगुरूंचा हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ १६१६ सालीं गोव्यांत रोमन लिपींत छापिला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं! ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो पुन्हा छापविला, तोहि हस्तलिखितांवरूनच. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत त्याची एक देवनागरी प्रत आहे.

आपल्या पेटींतील कागदांची आणखी एक अडचण आहे. एकाच घरांत एक पत्र रोमन अक्षरांतील कोंकणीचें, दुसरें देवनागरी मराठीचें, आणि व्यवहाराचा कागद मोडींत. तिन्ही वाचूं शकणारा मनुष्य आतां विरळाच. स्थळांचीं नांवेंहि नातवंडांस चकवितात. जुन्या पत्त्यांत मालवण व वेंगुर्लें रत्नागिरी जिल्ह्यांत दिसतात, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं झाला. आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत निराळें संस्थान होतें. त्यांतून पत्रांत पूर्ण नांव क्वचितच असतें. 'थोरलो' म्हणजे कोण, 'वरच्या घरची' म्हणजे कोणती, हें सांगणारी एखादी आजीच घरांत उरलेली असते. आमच्या मतें खरी घाई आहे ती येथें. कागद आणखी दहा वर्षें कदाचित् टिकेल.

अर्थात् कागदाचेंहि आपल्याकडे सोपें नाहीं. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वाळवी व कसर हीं आहेतच. शिवाय जुनी काळी शाई कित्येकदां कागदच खाते. कागद कडक उन्हांत न घालतां कोरड्या दिवशीं सावलींत उलगडावे. फाटलेल्या ठिकाणीं चिकटपट्टी लावूं नये, प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडूं नये; स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून उंचावर ठेवावे. दिवसाच्या उजेडांत मोबाईलवर छायाचित्रें काढून तीं मुंबईच्या व परदेशांतील नातलगांस पाठवावीं, म्हणजे एका घरची वाळवी सर्वांचें नुकसान करणार नाहीं. शेजारीं वही घेऊन मजकूर जसाच्या तसा उतरावा. आजोबांचें शुद्धलेखन सुधारण्याचा मोह टाळावा, कारण त्या चुकांतच त्यांचा उच्चार शिल्लक असतो.

हें काम पुढील पावसाळ्यापूर्वीं सुरू करावें. दुपारचा विसावा घेऊन आजी उठल्या म्हणजे एका वेळीं एकच पत्र मोठ्यानें वाचून दाखवावें, त्या कोठें थांबवितात तें पाहावें, आणि त्या जें सांगतील तें तारखेसह पेन्सिलीनें पाकिटावर लिहून ठेवावें.