तीन मिनिटांचा राग आणि गाडीतला पेनड्राईव्ह

मंडळी, गाणं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं काम काही आजचं नाही. ते सव्वाशे वर्षांपासून चाललंय. आणि भांडं बदललं की प्रत्येक वेळी थोडं सांडतं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. दहा इंची तबकडीत मावायची जेमतेम तीन मिनिटं. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे लग्नाची पंगत डब्यात भरण्यासारखंच! शेवटी गाणारी आपलं नावही पुकारायची, कारण तबकडी छापली जायची तिकडे जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणं कुणाचं, हे तिथल्या कारागिरांना कळायला तर हवं!

सगळ्यांनाच हे मानवलं नाही. कोल्हापूरचे उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ साली गेले. त्यांनी स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज आज उपलब्ध नाही. आता कितीही भारी यंत्र आणा, ते गाणं परत यायचं नाही.

पण खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. तिथेही जागेची अडचण होतीच! दीड तासाचं संगीत मावावं म्हणून ती सोनेरी तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने बनवली. वेळ वाढवला, त्या बदल्यात आवाजाची थोडी बारकाई सोडली. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून चाललाच आहे.

पुढे १९४८ची एलपी, १९६३ची कॅसेट, १९८२ची सीडी. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. १९९०च्या दशकात एमपी३ आलं. बाजारात ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही ना, तसे मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज ते काढून टाकतं. १२८च्या दराने मिनिट एका एमबीत बसतं! पण इतकं दाबलं की तानपुऱ्याची जवारी पाणचट होते.

आता पोरं २४ बिट, ९६ हजार नमुन्यांच्या फायली आणतात. दाबल्याशिवाय मिनिटाला जवळजवळ ३५ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाचा ख्याल एक जीबीच्याही वर. गाडीतली बरीच यंत्रं त्या वाचतच नाहीत. मग पुतणे विचारतात, "काका, काय करायचं?"

करायचं एवढंच. मूळ फाईल घरी तशीच ठेवायची आणि गाडीसाठी तिची ३२०च्या दराची एमपी३ नक्कल काढायची. अर्धा तास ७२ एमबीत बसतो. पिशोरहून कन्नडला जाताना काच खाली असेल, इंजिन घरघरत असेल, तर दोन्हींतला फरक ऐकू येणं कठीणच. नक्कल मात्र नेहमी मूळ फाईलवरूनच काढायची, नकलेवरून नाही. आणि एमपी३ची पुन्हा मोठी फाईल केली, तर फक्त आकार वाढतो. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत!

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. केसरबाईंचं गाणं जपणारे पुष्कळ आहेत. पण तुमच्या माळ्यावरच्या कॅसेटीत आजीच्या ओव्या असतील, गावच्या भजनी मंडळाची काकड आरती असेल, ती जगात एकच प्रत आहे. दरवर्षी तिची फीत थोडी थोडी खराब होतेय. ती आधी संगणकावर उतरवून घ्या, तीही न दाबता, पूर्ण आकारात, आणि दोन ठिकाणी ठेवा. गाडीसाठी छोटी नक्कल नंतर कधीही काढता येईल.

अल्लादिया खाँसाहेबांनी गाणं तबकडीला दिलं नाही, तो त्यांचा निर्णय होता. आजीने तर टेपसमोर बसून ओवी म्हटली होती. ती राखायची की नाही, हे आता आपल्या हातात आहे.