पाचव्या प्रतिपिंडाचा शोध

माझ्या आईला दमा होता. पावसाळा सरून गवत फुलावर आलं की तिचे हाल सुरू व्हायचे. रात्र रात्र ती उशांना टेकून बसलेली असायची. ही गोष्ट १९६२-६३ सालची. तेव्हा एका डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "यातला निम्मा आजार मनाचा आहे." आईने ते ऐकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं धाप लागली की ती आधी ओशाळायची आणि मग औषध मागायची.

अलीकडे नातीच्या रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात आला. त्यावर 'टोटल आयजीई' असे शब्द आणि पुढे एक आकडा. तो पाहताना आईच्या डॉक्टरांवरचा माझा जुना राग थोडा निवळला. मनाच्या ताणाने दमा बळावतो हे खरंच आहे. आणि हा आयजीई तेव्हा जगात कुणालाच सापडलेला नव्हता.

रक्तात रोगाशी लढणारं काहीतरी असतं, हे बेरिंग आणि किटासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये धनुर्वात आणि घटसर्पाच्या प्रयोगांतून दाखवलं. त्या 'काहीतरी'ला आपण प्रतिपिंड म्हणतो. पुढे कळलं की प्रतिपिंड एकाच जातीचे नसतात. संसर्ग झाला की आधी धावून येतो तो थोराड आयजीएम. संख्येने सर्वांत मोठा आयजीजी, जो वारेतून बाळापर्यंत पोचतो. अश्रू, लाळ आणि आईच्या दुधात आयजीए. १९६५ साली आयजीडीची भर पडली. त्याचं नेमकं काम काय, यावर शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षं डोकं खाजवत राहिले.

पण ॲलर्जीचा गुन्हेगार या चौघांत नव्हता. त्याचा माग मात्र फार आधी लागला होता. १९२१ साली ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्यूस्टनरना शिजवलेले मासे अजिबात चालत नसत. प्राउस्निट्झना माशांचा काही त्रास नव्हता. त्यांनी क्यूस्टनरच्या रक्तातलं सीरम थोडंसं स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे खाजरी, लालभडक गाठ उठली. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या कातडीत उतरली होती! म्हणजे ती मनात नव्हती, रक्तातल्या कुठल्यातरी पदार्थात होती.

त्या पदार्थाला 'रिएजिन' असं नाव मिळालं, पण पदार्थ हाती लागेना. कारण तो असतो फारच थोडा. एक लिटर सीरममध्ये आयजीजी दहा ग्रॅमच्या आसपास असतो. निरोगी माणसात आयजीई एक मिलिग्रॅमही भरत नाही.

हे कोडं सोडवलं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पति-पत्नींनी. अमेरिकेत डेन्व्हर इथे दमेकरी मुलांसाठी असलेल्या संशोधन संस्थेत ते काम करत. रॅगवीड नावाचं तिकडचं तण, आपल्या गाजरगवताचं भावंडच म्हणा ना, त्याच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचं सीरम त्यांनी घेतलं. अनेकांना वाटे की रिएजिन म्हणजे आयजीएच असावा. इशिझाकांनी ज्ञात प्रतिपिंड एकेक करून बाजूला काढले. तरीही सीरमचा प्रताप शिल्लक राहिला. त्याची परीक्षा घ्यायला यंत्र नव्हतं, होती ती कातडी, आणि तीही त्यांनी स्वतःची वापरली. १९६६ साली त्यांनी नवा प्रतिपिंड जाहीर केला. त्वचा लाल होण्याला वैद्यकात 'एरिथेमा' म्हणतात, त्यातला 'ई' त्याच्या नावाला दिला.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्सालात योहानसन आणि बेनिख यांच्यापुढे वेगळंच कोडं होतं. मायलोमा या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात कुठल्याच ज्ञात गटात न बसणारा प्रतिपिंड भरमसाट तयार होत होता. डेन्व्हरला जो थेंबाथेंबाने शोधावा लागला, तो इथे ओसंडून वाहत होता. दोन्ही प्रयोगशाळांनी नमुने ताडून पाहिले; पदार्थ एकच निघाला. १९६८ साली लोझान इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत आयजीई हे नाव पक्कं झालं.

हा प्रतिपिंड रक्तात फार रेंगाळत नाही. तो मास्ट पेशींवर जाऊन ठाण मांडतो. परागकण आले की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं आणि खाज, शिंका, धाप सुरू होते. प्राउस्निट्झच्या कातडीने दुसऱ्या दिवशीही मासा ओळखला तो यामुळेच. गंमत म्हणजे याचं मूळ काम जंतांसारख्या परजीवींशी लढण्याचं असावं, असं मानतात.

प्राउस्निट्झ पुढे नाझी राजवटीत जर्मनी सोडून इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट या बेटावर साधे डॉक्टर म्हणून राहिले. १९६३ साली ते वारले. म्हणजे तीनच वर्षं आधी!

आता कुणाचं सीरम कुणाला टोचत नाहीत. त्यातून कावीळ पसरायची भीती होती. १९६७ साली उप्सालातच रक्त तपासण्याची पद्धत निघाली. आयजीईला अडवणारं औषध अमेरिकेत २००३ साली मंजूर झालं.

नातीच्या डॉक्टरांनी कागद पाहून घरातली धूळ आणि मांजर, अशी दोन नावं सांगितली. मांजर आता शेजाऱ्यांकडे आहे. नात रोज संध्याकाळी त्याला भेटायला जाते आणि शिंकत परत येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)