अनेक तालांची एक वाट

अक्कलकोटहून मैंदर्गीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले की भोवतीच्या बोलण्यात मराठी कोठे संपते आणि कन्नड कोठे सुरू होते, हे नवख्याला उमगत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरील या नगरात दोन्ही भाषा एकाच उंबरठ्यावर नांदतात. हलगी हे वाद्यही तसेच. सीमेच्या दोन्ही अंगांना ते सारखेच आपले. काही वर्षांपूर्वी तेथील हलगीवादन ध्वनिमुद्रित करावे म्हणून आम्ही चार ध्वनिग्राहक व एक लॅपटॉप घेऊन गेलो. दोन हलग्या, एक ढोल आणि साऱ्या मेळाचा एकत्र नाद टिपण्यासाठी मध्यभागी चौथा ध्वनिग्राहक, अशी मांडणी केली. संध्याकाळी आम्ही तयार केलेले मिश्रण वादकांना ऐकवले. तरुण मंडळी खूश झाली. सर्वांत वडील हलगीवादक मात्र शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “सगळं वाजतंय बघा सर, पण माझा हात कुठं हाय?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी त्या वेळी नव्हते. ते शोधताना ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आमच्या हाती लागले. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण घरच्या संगणकावर भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांचे कौतुक करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ते येथे मांडत आहोत.

ध्वनिमुद्रणाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्र पट्टीवर साठतो. तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. तालवाद्यांचे सारे ट्रॅक थेट अंतिम मिश्रणात न सोडता आधी एका सामाईक वाटेवर आणायचे आणि तेथून पुढे पाठवायचे, या सामाईक वाटेला ‘बस’ हे नाव आहे. त्या बसची एक दांडी वरखाली केली की सारा ताल वरखाली होतो. वाद्यांचे आपापसांतील प्रमाण मात्र बिघडत नाही.

हा शब्द आपल्या एस.टी.च्या बसचा सख्खा भाऊच होय. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. लॅटिन मिस्सा ऐकत वाढलेल्या ज्येष्ठांच्या कानांना तो परका वाटू नये; पापनिवेदनाच्या प्रार्थनेत सर्व संतांना उद्देशून तो येत असे. १८२० च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात कोणीही बसावे अशी घोडागाडी सुरू झाली, तिला हे नाव मिळाले. पुढे अनेक तारांना एकत्र वीज पुरवणारी जाड धातुपट्टी ‘बसबार’ झाली आणि तेथून हा शब्द ध्वनिमुद्रकाच्या टेबलावर आला. १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, तीही याच शब्दाची प्रवासी.

आरंभीच्या ध्वनिमुद्रणात मात्र तालवाद्यांना मानाचे स्थान नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा विद्युत ध्वनिग्राहक नव्हता. एका कर्ण्यासमोर सर्वांनी गायचे-वाजवायचे. कोणी जवळ, कोणी दूर, एवढेच काय ते मिश्रण. मोठ्या ढोलाचा आघात मेणाच्या तबकडीवरील सुईला सोसत नसे. म्हणून पाश्चात्त्य देशांतही ढोलवादकाला दूर उभे करीत किंवा लाकडी ठोकळ्यांवर त्याची बोळवण करीत. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि ही अडचण पुष्कळशी सरली.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९५० व ६० च्या दशकांत भलामोठा वाद्यमेळ एकाच वेळी वाजत असे. त्यात गोव्याच्या कॅथलिक वादकांचा वाटा केवढा होता, हे आता नव्याने सांगायला नको. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्या स्वरलिपीवाचून अनेक गाणी उभी राहिली नसती. तरी पडद्यावरील नामावलीत त्यांच्यापैकी फार थोड्यांना जागा मिळाली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा वादकांच्या मुलाखती नोंदवून हे ऋण काही अंशी फेडले. त्या काळी ध्वनिग्राहक मोजके असत. तबला, ढोलक, ड्रम, काँगो यांचा आवाज मुद्रण चालू असतानाच एकत्र होई आणि एकदा मिसळला की कोणालाही तो वेगळा करता येत नसे. वादकांची बैठक ठरवणारा ध्वनिमुद्रक तेथेच, त्याच क्षणी कोण ऐकू येणार हे ठरवीत असे.

परदेशातही वेगळे नव्हते. लेस पॉल यांना १९५७ मध्ये आठ ट्रॅकचे यंत्र मिळाले खरे. पण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सची १९६६ ची गाणीदेखील चारच ट्रॅकवर मुद्रित झाली. रिंगो स्टार यांच्या साऱ्या ड्रमचे ध्वनिग्राहक एकत्र करून तो आवाज एका ट्रॅकवर बसवावा लागे. जेफ एमरिक यांनी तेथे ध्वनिग्राहक मोठ्या ड्रमच्या अगदी निकट नेला आणि फेअरचाइल्ड कंपनीच्या यंत्रातून आवाज दाबून घट्ट केला. उंच उसळणारे आवाज दाबून पातळी आटोक्यात ठेवणाऱ्या अशा यंत्राला ‘कंप्रेसर’ म्हणतात.

पुढे सोळा, चोवीस ट्रॅकची यंत्रे आली आणि प्रत्येक ड्रमला स्वतंत्र जागा मिळाली. तेव्हा नवीच अडचण उभी राहिली: दहा दांड्या दोन हातांनी कशा हलवाव्यात? म्हणून वेगळे केलेले आवाज पुन्हा एका सामाईक वाटेवर आणले गेले. १९९१ मध्ये प्रो टूल्स ही प्रणाली आली आणि हेच टेबल हळूहळू संगणकाच्या पडद्यावर उतरले. पूर्वीचे एकत्रीकरण सक्तीचे होते व ते मोडता येत नसे. आताचे स्वेच्छेचे आहे आणि केव्हाही मोडता येते. बसमध्ये शिरल्यावरही प्रत्येक वाद्याची दांडी त्याच्याच नावाने राहते. या इतिहासाचे सार आम्हांला यात दिसते.

या वाटचालीला दुसरी बाजूही आहे. १९८० मध्ये रॉजर लिन यांच्या यंत्राने खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात वादकाविना वाजवून दाखवले. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड आला. लग्नाच्या वरातीपासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत तो आपल्याकडे कसा पसरला, हे सर्वांनी पाहिले आहे. मुंबईच्या स्टुडिओंतील मोठे वाद्यमेळ ओसरले; कितीतरी घरांतील व्हायोलिन पेटीत गेले. पण लोकवाद्यांचा ठेका संपला नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिस येथील सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला आणि गावच्या जत्रेचा ठेकाही त्याच संगीतात नांदवला.

आता मैंदर्गीच्या त्या प्रश्नाकडे वळू. हलगीवादक एका हाताने जाड टिपरूचा ठोका देतो आणि दुसऱ्या हातातील बारीक काडीने कातड्यावर नाजूक कण उमटवतो. वादकाची ओळख या कणांत असते. आम्ही चारही ट्रॅक एका बसमध्ये आणून त्यावर कंप्रेसर लावला होता. ढोलाचा दणका आला की कंप्रेसर सारी बस खाली दाबी आणि त्याबरोबर त्या काडीचे कणही नाहीसे होत. शिवाय मधला ध्वनिग्राहक हलगीपासून सुमारे दोन मीटर दूर होता. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्यामुळे तोच ठोका तेथे जवळजवळ ६ मिलिसेकंद उशिरा पोहोचे आणि दोन प्रतिमा मिसळून नादाची धार बोथट होई. चार सारख्या पातळीचे पण स्वतंत्र आवाज एकत्र आले की एकूण पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, याचाही हिशेब आम्ही ठेवला नव्हता. दोष यंत्राचा नव्हता. आमच्या घाईचा होता.

आम्ही दोन्ही हलग्यांची एक बस केली, ढोलाला वेगळी वाट दिली आणि मग त्या दोन्ही वाटा एका मोठ्या बसमध्ये आणल्या. तिच्यावरील कंप्रेसर अगदी सौम्य ठेवला. मधल्या ध्वनिग्राहकाची पातळी उतरवली आणि त्याचा ट्रॅक थोडा अलीकडे सरकवला.

हलगीच्या मागे एक मोठा सामाजिक इतिहास आहे. दवंडी तिच्यावर पिटली जाई, लग्नाची वरात व देवीची पालखी तिच्यामागून चाले, प्रेतयात्रेलाही तीच सोबत करी. पण ती वाजवणाऱ्याला, बहुधा मातंग समाजातील माणसाला, मंडपात बसण्याचा मान मिळत नसे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरांना योग्य मान देण्यास सांगितले आणि ढोलक, ढोल आपल्या ख्रिस्तमंदिरांत आले. वाद्य आत आले. वाजवणाराही त्याच सन्मानाने आत आला का, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावे.

पुढच्या खेपेस आम्ही ते नवे मिश्रण घेऊन मैंदर्गीला गेलो. आजोबांनी डोळे मिटून ऐकले. मध्येच त्यांचा डावा हात गुडघ्यावर हलू लागला आणि त्यांनी शेजारच्या नातवाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले. नातवाने हसत त्याचे मराठी केले: “आजोबा म्हणतात, हा माझाच हात.”